आधी टिक, मग खाऊ

दारावरची बेल वाजते. सोफ्यावर पहुडलेलं दीड किलोचं पांढरंशुभ्र पिल्लू टुणकन खाली उडी मारतं, गुळगुळीत फरशीवर घसरत दारापाशी पोहोचतं आणि जिवाच्या आकांताने भुंकू लागतं. घरातून एकदम तीन आवाज येतात. ‘ए, गप!’, ‘नो, नो, नो!’ आणि ‘अगं, उचल ना तिला!’ कुणीतरी पिल्लाला उचलून काखेत घेतं, पाहुण्यांना ‘काही करत नाही हो, या ना’ असं सांगतं, आणि पिल्लू काखेतूनच भुंकत राहतं. हेच पिल्लू जर्मन शेफर्डचं असतं तर घरच्यांनी एव्हाना प्रशिक्षकाला फोन केला असता. दीड किलोच्या जिवाला शिकवायची गरज कुणाला वाटत नाही, कारण त्याला उचलता येतं.

लहान जातींच्या कुत्र्यांचं अर्धं दुखणं या उचलण्यात आहे. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी कुत्री पाळणाऱ्या १२७६ जणांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वीस किलोंच्या आतली कुत्री त्यांनी लहान धरली होती. ही लहान कुत्री मोठ्यांपेक्षा कमी ऐकणारी, पटकन उत्तेजित होणारी आणि अधिक भित्री निघाली. पण त्याच कागदांतून घरच्या माणसांबद्दलही बरंच कळलं. लहान कुत्र्यांची माणसं आज एक नियम, उद्या दुसरा असं जास्त वागत होती आणि कुत्र्याला शिकवण्यात, त्याच्याशी खेळण्यात वेळ कमी घालवत होती. शिक्षा जितकी जास्त तितकी आक्रमकता जास्त, हे दोन्ही गटांत दिसलं. मात्र शिक्षा आणि भित्रेपणा यांचं नातं फक्त लहान कुत्र्यांत आढळलं.

२०१३ साली ऐंशी जातींच्या आठ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली गेली, तेव्हाही असंच चित्र पुढे आलं. जातीची उंची जसजशी कमी, तसतसं स्पर्शाला बिचकणं, खायला मागत मागे लागणं, एकटं सोडलं की घरात शू करणं अशा तक्रारी जास्त. यातलं रक्तातलं किती आणि संगोपनातलं किती, हे अशा पाहणीतून वेगळं काढता येत नाही. पण रक्त बदलणं कुणाच्या हाती नाही आणि संगोपन प्रत्येकाच्या हाती आहे, म्हणून बोलायचं ते संगोपनाबद्दलच.

या चिमुकल्या पिल्लांना जी पद्धत फार छान मानवते, ती कुत्र्यांसाठी जन्मलीच नव्हती. तिची सुरुवात झाली पिठाच्या गिरणीत, कबुतरांपासून.

१९४३ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात, एका गिरणीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी कबुतरांना बॉम्बला दिशा देण्याचं शिक्षण देत होते. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि सरकारी निर्णयाची वाट पाहण्यात दिवसच्या दिवस रिकामे जात. अशाच एका रिकाम्या दिवशी त्यांनी एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू टोलवायला शिकवायचं ठरवलं. दाणा सोडणारं बटण हातात धरून ते कबुतराने चेंडूला टोला मारण्याची वाट पाहत बसले. कबुतर काही मारेना. मग त्यांनी अट सैल केली. चेंडूकडे नुसतं पाहिलं तरी दाणा. मग चोच चेंडूच्या दिशेने गेली तर दाणा. मग चोच लागली तर. काही मिनिटांत चेंडू खोक्याच्या भिंतींवर आपटत होता आणि कबुतर एखाद्या स्क्वॉश खेळाडूसारखं त्याच्या मागे होतं. एवढ्या साध्या रीतीने वागणं हाताने घडवता येतं याचं स्किनर यांना जे आश्चर्य वाटलं, ते त्यांनी पुढे अनेक वर्षं जपलं.

त्यांच्याच विद्यार्थ्यांपैकी केलर आणि मेरियन ब्रेलँड हे जोडपं या शोधाने इतकं भारावलं, की दोघांनी विद्यापीठातली वाट सोडून प्राणी शिकवण्याचा धंदा उघडला. पशुखाद्य विकणाऱ्या कंपनीसाठी त्यांनी जत्रांमधून कोंबड्यांचे खेळ केले. पुढे आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज गावी १९५५ साली त्यांनी ‘आयक्यू झू’ सुरू केलं. तिथे बदक पियानो वाजवायचं आणि कोंबडी पाहुण्यांशी फुली-गोळा खेळायची. त्यांनी पुढच्या काळात १४० हून अधिक जातींचे प्राणी शिकवले. या कामात त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. खाणं नेमक्या क्षणी प्राण्याच्या तोंडात पडत नाही, ते पोहोचायला वेळ लागतो, आणि त्या वेळात प्राणी दुसरंच काहीतरी करून मोकळा होतो. तेव्हा वागणं आणि खाणं यांच्यामध्ये आवाजाचा एक छोटा पूल हवा. असा आवाज त्यांनी कुत्र्यांच्या शिक्षकांनाही देऊ केला होता. पट्ट्याला हिसका देऊन कुत्रं वळवण्याची सवय असलेल्या त्या मंडळींनी तो घेतला नाही.

स्किनर यांनी १९५१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात प्राण्यांना कसं शिकवावं यावर सर्वसामान्यांसाठी लेख लिहिला, त्यात या आवाजासाठी लहान मुलांचं एक खेळणं सुचवलं. जत्रेत मिळणारं, अंगठ्याने दाबलं की टिक-टिक करणारं पत्र्याचं खेळणं असतं, तेच. याच खेळण्याच्या पितळी भावंडाने काही वर्षांपूर्वी युद्धही पाहिलं होतं. ६ जून १९४४ च्या पहाटेआधी नॉर्मंडीत छत्रीने उतरलेल्या अमेरिकेच्या १०१ व्या हवाई डिव्हिजनच्या सैनिकांकडे ते दिलेलं होतं. अंधारात समोर कोण आहे ते ओळखायला एकदा टिक वाजवायची आणि उत्तरादाखल दोन टिका आल्या तर तो आपला माणूस. अंधारात, गोंधळात, घाबरलेल्या माणसालाही चुकीचा ऐकू येणार नाही असा तो आवाज आहे. पिल्लाच्या कामाचा तो याच गुणामुळे ठरतो.

तरीही कुत्र्यांपर्यंत पोहोचायला या आवाजाला समुद्रामार्गे यावं लागलं. १९६३ साली हवाई बेटांवरच्या ‘सी लाइफ पार्क’मध्ये कॅरन प्रायर डॉल्फिन शिकवू लागल्या. डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही, दरडावून उपयोग नाही, चापट मारायला गेलं तर तो पोहत दूर जातो. उरते ती शिट्टी आणि बादलीतला मासा. प्रायर यांनी १९८४ साली ‘डोन्ट शूट द डॉग’ हे पुस्तक लिहिलं. १९९२ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी गॅरी विल्क्स या कुत्र्यांच्या शिक्षकासोबत वर्तनशास्त्रज्ञांसमोर अशीच टिक करणाऱ्या क्लिकरचं प्रात्यक्षिक दिलं. तिथून ही छोटी प्लास्टिकची डबी घराघरांत जाऊ लागली.

कबुतर, कोंबडी, डॉल्फिन. ज्यांच्यावर बळ चालत नाही अशा प्राण्यांच्या संगतीत ही पद्धत वाढली. चिवावा किंवा पॉमेरेनियनचं पिल्लू नेमकं उलट टोकाला असतं. त्याच्यावर बळ फारच सहज चालतं. बोटाने ढकललं की ते बसतं, पट्टा ओढला की फरफटत येतं, नकोसं काही करू लागलं की मुठीत उचललं जातं. आणि हे बळ त्याच्या शरीराला परवडत नाही. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय पूडल या जातींत श्वासनलिकेच्या कुर्च्या कमजोर पडून नळी चपटी होण्याचा आजार दिसतो. गळपट्ट्याला दिलेला प्रत्येक हिसका त्या नळीवर बसतो. म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस हवाच. कंबर खाली दाबून ‘बस’ शिकवणंही टाळलेलं बरं, कारण याच जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचं प्रमाण मोठं आहे. ज्याला ओढायचं नाही, दाबायचं नाही, दरडावायचंही नाही, अशा विद्यार्थ्याला शिकवायचं कसं, याचं उत्तर डॉल्फिनच्या तलावाकाठीच तयार होतं.

तर ही टिक म्हणजे नक्की काय? मराठी माणसाला ती पावतीसारखी समजते. पैसे नंतर मिळणार असतात, पण पावती हातात पडली की व्यवहार पक्का झाला. पिल्लाचं बूड जमिनीला टेकलं त्या क्षणी टिक, आणि खाऊ दोन-तीन सेकंदांनी आला तरी चालतं. बैलगाडी हाकणारा जिभेने टॉक-टॉक करतो तो आवाज वेगळा, तो कामाच्या आधीचा इशारा. क्लिकरची टिक काम झाल्यावर येते. हा फरक न कळल्याने बरीच घरं सुरुवातीलाच फसतात. पिल्लू लांब गेलं की टिक-टिक करून त्याला बोलावतात, ते भुंकायला लागलं की लक्ष वेधायला टिक करतात. पिल्लाच्या हिशेबी आपल्याला लांब जाण्याची आणि भुंकण्याची पावती मिळालेली असते.

टिक ऐकताच पिल्लाचे कान ताठ होतात आणि शेपूट हलू लागते, खाऊ दिसायच्या आधीच. मेंदूत काय होत असावं याचा अंदाज माकडांवरच्या प्रयोगांतून आला. वोल्फ्रम शुल्त्स यांनी १९९० च्या दशकात दाखवलं, की माकडाला रस मिळण्याआधी ठरावीक खूण मिळू लागली, की डोपामिन सोडणाऱ्या पेशी हळूहळू रसाऐवजी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागतात. आनंद एक पायरी अलीकडे सरकतो. ही पायरी पिल्लाच्या मनात एकदा बांधली गेली, की माणसाच्या हाती एक विलक्षण नेमकं साधन येतं.

ती बांधायला फारसं काही लागत नाही. शांत खोली, दहा-बारा कण खाऊ. टिक, लगेच खाऊ. थोडं थांबून पुन्हा टिक, खाऊ. पिल्लाकडून काहीही मागायचं नाही. टिक झाली की पिल्लू हाताकडे वळून पाहू लागलं, म्हणजे अर्थ लागला. त्यानंतरचा नियम एकच आणि तो मोडायचा नाही. टिक झाली की खाऊ द्यायचाच, चुकून झाली तरी. पावती देऊन पैसे बुडवणाऱ्या दुकानात पुन्हा कुणी जात नाही.

लहान पिल्लांच्या बाबतीत पहिली अडचण हा आवाजच असतो. साधा पत्र्याच्या पट्टीचा क्लिकर हातभर अंतरावर बराच तीव्र वाजतो आणि काही पिल्लं त्याने दचकून पलंगाखाली जातात. मग तो खिशात ठेवून किंवा रुमालात गुंडाळून वाजवावा, पिल्लाच्या डोक्याजवळ कधीच नाही. मऊ आवाजाचे बटणवाले क्लिकर मिळतात. नाहीतर टिकटिक करणारं बॉलपेन उत्तम चालतं, जॅमच्या बाटलीचं फुगीर झाकणही चालतं. बहिऱ्या पिल्लाला टॉर्चचा एक लुकलुकाट पुरतो.

दुसरी अडचण पोटाची. एक किलो वजनाच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला साधारण दोनशे कॅलरी लागतात आणि पशुवैद्यक वरखाऊ एकूण आहाराच्या एक दशांशापर्यंतच ठेवायला सांगतात. म्हणजे वीस कॅलरी. दोन सेंटिमीटर बाजूचा पनीरचा एकच घनाकार तुकडा खाल्ला की दिवसाचा कोटा संपला! पण तोच तुकडा चार-चार मिलिमीटरचा चिरला तर हिशेबाने १२५ कण होतात. पिल्लाला कणाच्या आकाराशी देणंघेणं नसतं, तो किती वेळा मिळाला हे त्याला कळतं. उकडलेलं चिकन, अंड्याचा पांढरा भाग, वाफवलेलं गाजर, सगळं अळणी आणि मोहरीपेक्षा जरासं मोठं. रोजच्या वाटीतले दाणे शिकवणीला वापरले तर आणखी चांगलं. कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका मात्र एक कणही नको.

याच पोटाची दुसरी बाजू धोक्याची आहे. तीन-चार महिन्यांच्या आतल्या अगदी लहान जातींच्या पिल्लांच्या रक्तातली साखर फार पटकन उतरते. जेवण लांबलं, दंगा जास्त झाला, गारठा लागला की पिल्लू मलूल होतं, पाय लटपटतात, अंग थरथरतं. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळून तडक डॉक्टर गाठावा लागतो. ‘भुकेलं असलं की लवकर शिकतं’ हा मोठ्या कुत्र्यांसाठी दिला जाणारा सल्ला इथे जीवघेणा ठरू शकतो. शिकवणी दोन जेवणांच्या मध्ये, दोन-तीन मिनिटांची, आणि पिल्लाला अजून हवीशी वाटत असतानाच संपवलेली बरी. पगसारख्या चपट्या नाकाच्या पिल्लांना तर उन्हाळ्यात पंख्याखालीच बसवून शिकवावं. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग मुलाच्या मागेमागे सगळीकडे चालत जायचा आणि तो पाहून घरोघरी पग आले, पण ते नाक मे महिन्यातल्या दुपारी फार मागेमागे चालण्यासाठी घडलेलं नाही.

रोज शिकवलंच पाहिजे असंही नाही. डेन्मार्कमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेल्या दोन अभ्यासांत, आठवड्यातून एक-दोनदा शिकलेल्या कुत्र्यांना रोज शिकलेल्यांपेक्षा कमी शिकवण्यांत तेच काम जमलं. सकाळी शिकवणी चुकली म्हणून घरात अपराधी चेहरे करून बसायचं कारण नाही.

मग येते जागा. विट्रिफाइड टाइल्सवर लहान पिल्लाचे पाय फाकतात, बसता बसता ते घसरतं आणि बसणं म्हणजे घसरणं असा त्याचा समज होतो. एखादी सतरंजी किंवा जुनी योगा मॅट अंथरली की निम्मे धडे सोपे होतात. माणसानेही खाली बसावं. उभ्या माणसाचा वरून येणारा हात दीड किलोच्या जिवाला घारीसारखा वाटत असेल तर त्यात नवल नाही. पाठदुखीमुळे ज्यांना वाकवत नाही, ते लांब दांड्याच्या लाकडी डावाच्या टोकाला थोडं दही लावून त्याने पिल्लाला दिशा देतात. डाव पुढे गेला की पिल्लू चालतं, थांबला की थांबतं.

पहिला धडा बहुधा ‘बस’चा असतो आणि मराठी घरात त्याची एक खास गंमत होते. जेवताना ‘बस, बस, नको आता’, मुलांना ‘बस झाला मोबाइल’, टीव्हीवर बस उलटल्याची बातमी. पिल्लाच्या कानावर दिवसभरात हा शब्द इतक्या वेळा निरर्थक आदळतो, की त्याला अर्थ चिकटतच नाही. त्यात आजी ‘बैस गं बाई’ म्हणते, बाबा ‘सिट’ म्हणतात आणि धाकटी ‘खाली बस, खाली बस’ असा घोष लावते. भाषा कुठलीही असो, सगळ्यांचा शब्द एक हवा आणि तो वागणं जमल्यावरच जोडायचा. आधी पिल्लू आपणहून बसेपर्यंत थांबायचं. ते बसतंच, दर मिनिटाला कधीतरी बसतं. बूड टेकलं की टिक. पाच-दहा वेळा झालं की पिल्लू समोर येऊन बसून चेहऱ्याकडे पाहू लागतं. आता बसण्याच्या क्षणभर आधी शब्द म्हणायचा. ‘झोप’ किंवा ‘आडवं’ शिकवताना बुटक्या कुत्र्यांची पंचाईत होते, कारण ती आधीच जमिनीलगत असतात आणि खाऊमागे नुसती मान वाकवतात. तेव्हा माणसाने पाय दुमडून गुडघ्याखाली बोगदा करावा आणि खाऊ त्यातून न्यावा. पिल्लू पोटावर आलं की टिक.

वेळ साधणं हेच यातलं खरं कसब. अर्ध्या सेकंदाने टिक चुकली तर बसलेलं पिल्लू उठत असतानाची पावती फाटते आणि ते उठायलाच शिकतं. याचा सराव पिल्लाशिवाय करता येतो. क्रिकेटचा सामना चालू असताना चेंडू बॅटला लागल्याच्या क्षणी पेनची टिक करायची. दोन षटकं हा खेळ करून पाहिला की आपली बोटं किती मागे आहेत ते कळतं. घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर क्लिकर त्यांच्याकडे द्यावा. त्यांची बोटं जलद चालतात आणि त्यांना पिल्लाला व्याख्यान देण्याची सवय नसते.

या पद्धतीची जेवढी स्तुती होते तेवढी सगळी प्रयोगांत टिकलेली नाही, हेही सांगायला हवं. इटलीतल्या त्रिएस्ते शहरातल्या संशोधकांनी २०१६ साली ५१ कुत्र्यांना पावाचा डबा उघडायला शिकवलं. काहींना क्लिकरने, काहींना ‘ब्राव्हो’ या शब्दाने आणि काहींना नुसत्या खाऊने. शिकण्याच्या वेगात फरक पडला नाही. २००८ साली ३५ बसेंजी कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगातही क्लिकरवाली कुत्री लवकर शिकली नाहीत. मात्र खाऊ बंद झाल्यावर त्यांनी शिकलेलं काम जास्त वेळ टिकवलं. तेव्हा क्लिकर हा जादूचा दिवा नाही आणि एक छोटा, नेहमी सारखा उच्चारलेला शब्दही पुष्कळ काम करतो. तरीही घरच्या माणसांना तो हातात घ्यायला सांगावासा वाटतो तो त्यांच्यासाठीच. हातात क्लिकर असला की माणूस पिल्लाच्या चुका शोधायचं सोडून त्याने काही चांगलं केलं का ते पाहू लागतो. ज्या लहान कुत्र्यांच्या घरात सातत्यच हरवलेलं असतं, तिथे ही टिक सगळ्यांना एका भाषेत आणते. आजीची टिक आणि नातीची टिक सारखीच वाजते.

ब्रेलँड दांपत्यानेच १९६१ साली आपल्या पद्धतीच्या मर्यादांवर प्रामाणिक लेख लिहिला. रकूनला त्यांनी नाणी उचलून डब्यात टाकायला शिकवलं, तर तो नाणी डब्यात सोडेना. दोन नाणी हातात धरून एकमेकांवर घासत बसायचा, जसा तो निसर्गात खेकडा धुतल्यासारखा चोळतो. डुक्कर नाणी वाटेतच मुस्काटाने उकरत राहायचं. जातीचं वागणं शिकवलेल्या वागण्यावर मात करतं. हे लहान कुत्र्यांना पुरेपूर लागू आहे. यॉर्कशायर टेरियर इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये उंदीर धरायचे, डॅक्सहुंड बिळात शिरून बिज्जूच्या मागे लागायचे. सोफ्याच्या उशा उकरणं हे त्यांचं पिढीजात काम आहे. पॉमेरेनियन तर मूळचा मोठा राखणदार स्पिट्झ. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली फ्लॉरेन्सहून आणलेला मार्को साडेपाच किलोंच्या आसपास होता आणि तिच्या हौसेनंतर ही जात आणखी लहान होत गेली. आपल्याकडे ‘पॉम’ म्हणून वाढलेली बरीच कुत्री खरं तर इंडियन स्पिट्झ असतात, ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीसारखी. पण बेल वाजली की वर्दी देण्याचं काम दोघांच्याही रक्तात आहे.

म्हणून बेलच्या वेळी भुंकणं मोडण्यापेक्षा त्याच्या आधी दुसरं काम देणं सोपं जातं. दारापासून लांब एक छोटी चटई. पिल्लू तिच्याकडे गेलं की टिक, तिच्यावर पाय ठेवला की टिक, बसलं की टिक. हे पक्कं झालं की फोनवर रेकॉर्ड केलेला बेलचा आवाज अगदी हळू वाजवायचा आणि पिल्लू चटईवर असतानाच टिक करायची. आवाज रोज थोडा वाढवायचा. भुंकून गप्प झाल्यावर टिक करण्यात मात्र एक फसगत आहे. हुशार पिल्लू ‘आधी भुंकावं, मग गप्प व्हावं, मग खाऊ’ अशी साखळी शिकतं आणि खाऊसाठी भुंकू लागतं. टिक भुंकण्याच्या आधीच्या शांत क्षणात पडली पाहिजे.

शी-शूच्या बाबतीतही वेळेचाच खेळ. लहान जातींची मूत्राशयं लहान असतात, त्यात मुंबईचा पाऊस. बाल्कनीत किंवा न्हाणीघरात वर्तमानपत्र अंथरून तिथेच सवय लावणं व्यवहार्य ठरतं. टिक काम पूर्ण झाल्यावर करावी. मध्येच केली तर पिल्लू काम अर्धवट टाकून खाऊकडे धावतं आणि उरलेलं गालिच्यावर करतं.

पिल्लांच्या आयुष्यातले तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस जगाशी ओळख करून घेण्याचे. याच काळात लसीकरण अपुरं असतं आणि पार्व्हो विषाणूच्या भीतीने पिल्लाला रस्त्यावर सोडता येत नाही. लहान पिल्लाचा इथे मोठा फायदा आहे. त्याला खांद्याच्या पिशवीत घालून फिरवता येतं. रिक्षाचा हॉर्न, टिक, कण. कुकरची शिट्टी, टिक, कण. रेनकोटमधला माणूस, टिक, कण. गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीतले फटाके यांचे आवाज महिनाभर आधीपासून हळू आवाजात ऐकवून हाच व्यवहार केला, तर त्या दिवसांत पिल्लू पलंगाखाली थरथरत बसण्याची शक्यता कमी होते. पावसाळी दुपारी घरात अडकलेल्या पिल्लासाठी चपलांचं रिकामं खोकं पुरतं. खोक्याशी केलेली प्रत्येक नवी गोष्ट, म्हणजे हुंगणं, पंजा ठेवणं, आत बसणं, झाकण ढकलणं, टिक मिळवते. हा खेळही प्रायर यांच्या डॉल्फिनकडून आला. १९६९ च्या त्यांच्या शोधनिबंधातल्या डॉल्फिनला फक्त नवी कसरत केली तरच मासा मिळायचा आणि ती रोज नव्या उड्या शोधून काढायची.

पण दीड किलोच्या कुत्र्याला शिकवण्याजोगा सगळ्यात महत्त्वाचा धडा कसरतीचा नाही, तो उचलून घेण्याचा आहे. दिवसातून वीसदा कुणीतरी मागून येऊन आपल्याला जमिनीवरून उपटतं, हे त्या पिल्लाचं जग. स्पर्शाला बिचकणारी, हात आला की दात दाखवणारी लहान कुत्री अशा घरांतून तयार होताना दिसतात. धडा असा. बाजूला बसून दोन्ही तळवे पिल्लापुढे, त्याला दिसतील असे धरायचे आणि ‘उचलू?’ म्हणायचं. पिल्लाने हुंगलं, टिक. एक पंजा तळव्यावर आला, टिक. दोन्ही पंजे आले, टिक, आणि अजूनही उचलायचं नाही. काही दिवसांनी क्षणभर उचलून लगेच खाली. मग थोडं जास्त. नखं कापणंही याच वाटेने जातं. आधी नेलकटर नुसतं दिसलं तरी टिक, मग पंजाला लागलं तरी, मग दिवसाला एकच नख. दात घासणंसुद्धा असंच, आणि इवल्या जबड्यात दाटीने बसलेल्या दातांना ते मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त लागतं.

दोन-तीन आठवड्यांत क्लिकर खणात जातो, कारण ‘उचलू?’ या शब्दाचा अर्थ पिल्लाला कळलेला असतो. ते धावत येऊन पुढचे दोन पंजे तळव्यावर ठेवतं. आणि एखाद्या संध्याकाळी ते ठेवत नाही. ऊन असलेल्या फरशीवर पसरून नुसतं एक डोळा उघडून पाहतं. पुढे आलेले हात थोडा वेळ तिथेच थांबतात, मग मागे जातात, आणि पिल्लू डोळा मिटून घेतं.